इंदूरहून बीकेसीच्या खिडकीपर्यंत

अमेरिकेचा व्हिसा इंदुरात मिळत नाही. भोपाळलाही मिळत नाही. पासपोर्टसाठी गाव सोडावं लागत नाही, कारण भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीतलं सेवा केंद्र इंदुरातच आहे. त्यामुळे इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या बऱ्याच मराठी घरांत असा समज असतो की व्हिसाचीही अशीच कुठेतरी जवळपास सोय असेल, नाहीतर एखादा एजंट ‘करून देईल’. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी डॅलसला, सुनेचं बाळंतपण मार्चमध्ये. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून मुलाने काढूनही टाकलेलं असतं, आणि मग कळतं की मुलाखतीची तारीख बारशाच्या नंतरची आहे.

घोटाळा मुळात इथे होतो. पासपोर्ट आपलं सरकार आपल्या नागरिकाला देतं, ते कार्यालय जिल्ह्याजिल्ह्यात उघडू शकतं. व्हिसा दुसऱ्या देशाचं सरकार देतं, आणि त्याला आपल्या जमिनीवर मनाला येईल तिथे कचेरी थाटता येत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूतावास उघडायचा तर यजमान देशाची संमती लागते. तो कोणत्या शहरात असेल आणि त्याचं कार्यक्षेत्र किती, हेही संमतीनेच ठरतं. अमेरिकेचा दूतावास दिल्लीत आहे आणि व्हिसा देणारे वाणिज्य दूतावास मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद इथे आहेत. एवढ्या मोठ्या देशाला पाच दारं.

मध्य प्रदेश मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतो. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि छत्तीसगडही त्यातच. पर्यटक व्हिसासाठी मात्र ही हद्द बंधनकारक नाही. इंदूरचा माणूस पाचांपैकी कुठलीही तारीख घेऊ शकतो, आणि मुंबईत लांबची तारीख असेल तर दिल्ली किंवा हैदराबाद जरूर पाहावं. तरीही आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी मी मुंबईच सुचवेन, आणि ते तिथे भाचा-पुतण्या राहतो म्हणून नव्हे. मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते. अर्ज भरताना भाषा निवडायची असते, तिथे मुलं सवयीने ‘इंग्रजी’ टाकून मोकळी होतात आणि काकू बिचाऱ्या पाठ केलेली चार वाक्यं घेऊन खिडकीसमोर उभ्या राहतात. मराठी निवडावी. त्याने गुण कमी होत नाहीत.

जून २०२३ मध्ये मोदी-बायडेन भेटीत बंगळुरू आणि अहमदाबादला नवे अमेरिकी वाणिज्य दूतावास उघडायचं जाहीर झालं. बंगळुरूचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झालं, पण व्हिसाची खिडकी त्यावेळी उघडली नाही. फीत कापली म्हणजे व्हिसा सुरू झाला असं होत नाही. मुलाखतीचे कक्ष, सुरक्षेची व्यवस्था, प्रशिक्षित अधिकारी हे सगळं मागाहून येतं. अहमदाबादला ते आलं तर इंदूरकरांची मोठी सोय होईल. तोवर मुंबई.

आता ‘स्लॉट’ म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी तगमग त्याच्यासाठी असते. अमेरिकी कायद्याप्रमाणे थोडे अपवाद सोडले तर प्रत्येक अर्जदाराला अमेरिकी अधिकाऱ्याने समोरासमोर बघावं लागतं. म्हणजे दिवसाला जेवढे अधिकारी खिडकीवर बसतील, गुणिले प्रत्येकी जेवढी माणसं होतील, तेवढेच स्लॉट. अर्जदार दुप्पट झाले तरी खिडक्या तेवढ्याच. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नेहमीचं व्हिसाचं काम थांबलं, अधिकारी कमी झाले, आणि पुढे दारं उघडली तेव्हा थकलेले अर्ज डोंगराएवढे होते. २०२२ च्या अखेरीस भारतात पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला अडीच वर्षांच्या पुढची तारीख दिसत होती. ज्यांच्या घरी त्या काळात नातवंड झालं, त्यांनी ते चालायला लागेपर्यंत व्हिडिओ कॉलवरच पाहिलं.

मग जास्तीचे अधिकारी आणले गेले, जानेवारी २०२३ पासून काही शनिवारीही मुलाखती झाल्या, थोडं काम भारताबाहेर वळवलं गेलं. त्या वर्षी भारतीयांचे विक्रमी १४ लाख व्हिसा हाताळल्याचं अमेरिकी दूतावासाने सांगितलं. त्याच काळात बँकॉकला जाऊन मुलाखत द्यायची मुभाही होती आणि ती खुद्द दूतावासानेच सुचवली होती. ती पळवाट आता बुजली आहे. सप्टेंबर २०२५ पासून ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता, तिथेच अर्ज करा, असा नियम आहे. ‘आमच्या शेजाऱ्यांनी बँकॉकला केलं होतं’ हा सल्ला जुना झाला.

त्याच महिन्यात आणखी एक नियम बदलला आणि तो आपल्या ज्येष्ठांना जास्त लागतो. ८० वर्षं आणि त्यावरच्या माणसांना पूर्वी मुलाखत माफ होती. आता वयाची ती सवलत साधारणपणे राहिलेली नाही. पणजीबाईंनाही मुंबईला न्यावं लागेल. जुन्या व्हिसाचं नूतनीकरण मुलाखतीशिवाय, ज्याला लोक ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात, तेही अरुंद झालंय. पूर्ण मुदतीचा पर्यटक व्हिसा संपून १२ महिने व्हायच्या आत अर्ज केला, तो व्हिसा मिळाला तेव्हा तुम्ही किमान १८ वर्षांचे होतात आणि इतर अटी बसल्या, तरच. एके काळी ही मुदत ४८ महिने होती. घरातला जुना पासपोर्ट आजच काढा आणि व्हिसाची अखेरची तारीख बघा. महिन्याभराच्या आळसाने मुंबईची फेरी पदरात पडते.

अर्जाची सुरुवात डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मने होते. तो लांब आहे, आणि थोडा वेळ हात लावला नाही तर बंद पडतो. म्हणून पहिल्याच पानावर मिळणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवायचा आणि पानागणिक जतन करत जायचं. बहुतेक घरांत हा फॉर्म अमेरिकेतला मुलगा रात्री जागून भरतो आणि आईवडील तो वाचतही नाहीत. हे चूक आहे. खाली सही तुमची, उत्तरं तुमची, आणि खिडकीवर प्रश्न तुम्हाला.

आपल्या नावांचं प्रकरण या फॉर्मात विशेष नाजूक असतं. मराठी पासपोर्टवर नावाच्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव निराळ्या ओळीत. फॉर्ममध्ये ते जसंच्या तसं उतरवायचं. नवऱ्याचं नाव ‘मधलं’ म्हणून गाळायचं नाही. पुढे प्रश्न येतो, दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होतात का? माहेरी कुसुम, सासरी सुलभा, आडनावही बदललेलं, अशा आपल्या आया-मावश्या घरोघर आहेत. शाळेचा दाखला एका नावाचा, बँकेचं खातं दुसऱ्या. इथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे चुकीची माहिती देणं. माहेरचं नाव निमूटपणे लिहावं. जन्मगाव महू असेल आणि पासपोर्टवर महू असेल तर महूच लिहावं, स्टेशनच्या पाटीवर आता डॉ. आंबेडकर नगर असलं तरी.

आईवडिलांच्या जन्मतारखाही विचारतात. सत्तरीतल्या माणसाला आपल्या आईची जन्मतारीख ठाऊक नसते, कारण तिला स्वतःलाच ती ठाऊक नव्हती. कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘प्लेगच्या साथीनंतरच्या वर्षी’. तिथे ‘माहीत नाही’ अशी चौकट आहे, ती निवडावी. उगाच १ जानेवारी ठोकू नये. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांपैकी जिथे खातं असेल त्याचं गेल्या पाच वर्षांचं नावही द्यावं लागतं. आणि एक प्रश्न फार जपून वाचावा, तुमच्यासाठी कुणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज दाखल केला आहे का? मुलगा नागरिक झाला आणि त्याने आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी कागद घातले असतील तर उत्तर ‘हो’ आहे. मग ‘फक्त भेटायला जातोय’ हे पटवणं कठीण होतं. म्हणून ते कागद घालण्याआधी मुलाने आईवडिलांना विचारलेलं बरं.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चष्मा काढून, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओवाल्याला आधीच बजावावं की गोरं करू नकोस आणि सुरकुत्या पुसू नकोस.

शुल्क १८५ डॉलर. जून २०२३ आधी ते १६० होतं. रुपयांत किती भरायचे ते दूतावासाच्या विनिमय दराने ठरतं, बाजारभावाने नाही. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यात व्हिसा मिळाल्यावर घ्यायच्या आणखी २५० डॉलरची तरतूद आहे. अर्ज करतेवेळी अधिकृत संकेतस्थळावर तो आकडा पाहून घ्यावा आणि हिशेब त्याप्रमाणे धरावा.

पैसे भरले की तारखा दिसू लागतात, आणि एकदम दोन घ्यायच्या असतात. पहिली बोटांचे ठसे आणि फोटो घेणाऱ्या केंद्राची, दुसरी प्रत्यक्ष दूतावासातल्या मुलाखतीची. पहिली किमान एक दिवस आधीची असावी लागते. इंदूरकराने दोन्ही लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, म्हणजे एका फेरीत काम होतं. आज तारीख नाही म्हणून हातपाय गाळू नयेत, कारण स्लॉट गठ्ठ्याने खुले होतात आणि लोक रद्दही करतात. मात्र तासाला दहादा उघडझाप करणाऱ्याचं खातं यंत्रणा काही काळ बंद करते. तारीख एकदाच फुकट बदलता येते. जानेवारी २०२५ पासून दुसऱ्यांदा बदलायची असेल किंवा तारखेला गैरहजर राहिलात, तर शुल्क पुन्हा भरावं लागतं.

एजंटाचा मोह इथेच होतो. ‘लवकरची तारीख काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे निराळी खिडकी नसते. तो तुमच्याच खात्यात शिरून तेच पान उघडतो, फार तर संगणकाला कामाला लावतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने अशा यंत्रांनी घेतलेल्या सुमारे २००० तारखा एका झटक्यात रद्द केल्या आणि ती खातीही रोखली. फॉर्म भरायला मदत म्हणून माफक पैसे देणं वेगळं. पासवर्ड देणं वेगळं.

मुंबईतला अमेरिकी वाणिज्य दूतावास पूर्वी ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या बंगल्यात होता. समुद्राकडच्या त्या फुटपाथवर लागणारी रांग जुन्या लोकांना आठवत असेल. २०११ च्या अखेरीस तो वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, गेला. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी इंदूरहून निघून सकाळी मुंबईत उतरता येतं, पण उतरून थेट दारात जायचा बेत करू नये. मोबाइल, बॅगा, पॉवर बँक, काहीही आत नेता येत नाही आणि दूतावास ते सांभाळतही नाही. आदल्या दिवशी मुक्काम करावा, सामान तिथे ठेवावं, आणि हातात पारदर्शक फाइल घेऊन निघावं. पासपोर्ट, तारखेचा कागद आणि डीएस-१६० ची पावती एवढं लागतंच. पावतीवरचा क्रमांक तारीख घेताना दिलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. फॉर्म नंतर दुरुस्त करून नवा भरला असेल तर क्रमांक बदलतो, आणि माणूस दारातून परत येतो.

आतली मुलाखत फार तर दोन-तीन मिनिटांची. काचेपलीकडे अधिकारी, मध्ये माइक, बोटांचा ठसा पुन्हा एकदा जुळवायचा.

‘कुणाकडे चाललात?’

‘मुलाकडे. डॅलसला.’

‘तो काय करतो? किती दिवस राहणार? इथे कोण असतं घरी?’

काका इथे मुलाच्या कंपनीचा इतिहास सांगू लागतात आणि शेजारी काकू फाइलमधून राजेंद्र नगरच्या घराची रजिस्ट्री बाहेर काढतात. अधिकारी बहुधा ती बघतही नाही. १९५२ च्या कायद्यातलं २१४-बी हे कलम असं मानून चालतं की समोरचा माणूस कायमचं राहायला निघालाय; तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. अधिकारी ऐकत असतो तो एवढ्यासाठीच की तुमचं आयुष्य इथे आहे का. पेन्शन, घर, दुसरा मुलगा, दुकान, जे खरं असेल ते एका वाक्यात सांगावं. मुलाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या पगाराच्या पावत्या कायद्याने लागतच नाहीत, आणि त्या निर्णायकही नसतात. किती दिवस राहणार याला ‘सहा महिने’ असं ठोकळेबाज उत्तर देऊ नये. दोन महिने राहायचं असेल तर दोन महिने म्हणावं.

पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुतेक व्हिसा मिळाला. परत देऊन सोबत २१४-बीचा कागद दिला तर नाकारला. त्यावर अपील नाही, पण तो कायमचा शिक्काही नाही. परिस्थिती बदलली तर नवं शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. २२१-जीचा कागद मिळाला तर प्रकरण अडलंय, काही माहिती हवी आहे किंवा तपास चालू आहे. तेव्हा मागतील तेवढंच द्यावं आणि थांबावं.

आपल्याला मिळणारा पर्यटक व्हिसा सहसा १० वर्षांचा असतो. त्याचा अर्थ दहा वर्षं राहा असा नाही. तो दारापर्यंत जायचा परवाना आहे; किती दिवस राहायचं हे नेवार्क किंवा डॅलसच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि तारीख आय-९४ या नोंदीत घालतो, साधारण सहा महिन्यांची. मुलाने ती त्याच आठवड्यात ऑनलाइन काढून फ्रिजवर चिकटवावी. ती उलटून गेली तर दहा वर्षांचा व्हिसा तिथेच बाद होतो.

युरोपची रीत निराळी आहे. शेंगेन करारातल्या २९ देशांपैकी जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. कागद बहुतेक व्हीएफएससारख्या कंपनीच्या केंद्रात द्यायचे. व्हीएफएस २००१ मध्ये मुंबईतच, अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या कामाने सुरू झाली, आज जगभर पसरली आहे. ती कागद आणि ठसे घेते, निर्णय घेत नाही, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून काही साधत नाही. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या सहलीसाठी एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांना तारखा मिळत नाहीत, यात केंद्राचा दोष शोधू नये.

दोन देशांचं बिनसलं की ही सेवा बंदही पडते, हे कॅनडाच्या वेळी दिसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने कॅनडातली व्हिसासेवा थांबवली. ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेले आणि मुंबई, बंगळुरू, चंदीगड इथलं त्यांचं समोरासमोरचं काम थांबलं. यात टोरांटोतल्या मुलीचं किंवा इंदुरातल्या आईचं काहीच चुकलं नव्हतं.

उलट दिशेचा प्रवासही याच चाकोरीतून होतो. अमेरिकेत जन्मलेला नातू तिथला नागरिक. त्याला आजोळी यायचं तर भारताचा ई-व्हिसा, साधा व्हिसा किंवा परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड लागतं. तिथे आपल्या सरकारची हद्द पक्की आहे. राहता त्या राज्यानुसारच दूतावास ठरतो, डॅलसवाल्याला ह्यूस्टन, न्यू जर्सीवाल्याला न्यूयॉर्क. सवलत इतकीच की ऑगस्ट २०२५ पासून एडिसन, डॅलस, सॅन होजे, रॅले अशा आठ शहरांत नवी अर्ज केंद्रं सुरू झाली. एडिसनला भारताचं केंद्र आहे, इंदुरात अमेरिकेचं नाही, अशी आजची स्थिती.

तेव्हा राजेंद्र नगरातल्या काका-काकूंना आणि विशेषतः त्यांच्या लेकरांना एवढंच सांगणं आहे. बाळंतपणाची बातमी कळली त्याच आठवड्यात फॉर्म भरायला घ्या, आईवडिलांना तो स्वतः वाचायला द्या, भाषेपुढे मराठी निवडा, आणि विमानाचं तिकीट मुलाखतीची तारीख मिळाल्यावर नव्हे, तर व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावरच काढा.